आधी छप्पर, मग सोलर : गावाकडच्या छोट्या घराबद्दल वाचकांचे प्रश्न

गावात किंवा शेतात पाचशे-सहाशे चौरस फुटांचे घर बांधायचे, ते उन्हाळ्यात राहण्याजोगे हवे आणि वीजबिलही आटोक्यात हवे. या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत आणि नावांऐवजी फक्त गावे दिली आहेत.

शेतात ५५० चौरस फुटांचे घर बांधतो आहोत. मिस्त्री म्हणतात, नऊ इंची विटेच्या भिंती, पाच इंची स्लॅब आणि वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा मसाल्यातला थर) केला की झाले. पण गावातल्या अशाच घरांत एप्रिल-मेमध्ये रात्री आत झोपवत नाही, सगळे गच्चीवर जातात. भिंती आणखी जाड कराव्यात का? — केज, जि. बीड

भिंती नऊ इंचीच राहू द्या. जाड भिंतींना लागणारे पैसे छपरावर घाला. बैठ्या घरात उन्हाळ्यातली सर्वांत जास्त उष्णता वरून येते. मे महिन्यात तुमच्याकडे दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. एकेका भिंतीवर ऊन काही तास आणि तिरपे पडते, स्लॅब मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत भाजत असतो. उघड्या काँक्रीटचे तापमान दुपारी ६० अंशांच्या वर जाते.

पाच इंची स्लॅबमधून ही उष्णता खाली उतरायला साधारण तीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचा तडाखा संध्याकाळी सहाच्या सुमारास छताच्या आतल्या बाजूला पोचतो. त्यावर सरासरी चार इंचांचा कोबा टाकला की हा वेळ आणखी लांबतो आणि उष्णता नेमकी नऊ-दहाला, अंथरुणे घालायच्या वेळी खाली येते. कोबा पाण्याला उतार द्यायला आणि गळती रोखायला ठीक आहे, पण तो उष्णता अडवत नाही, फक्त उशिरा आत सोडतो. मिस्त्री मंडळींत ‘कोबा केला की घर थंड’ हा समज फार पक्का आहे, तो मनावर घेऊ नका. शिवाय चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन स्लॅबवर कायमचे बसते, ते वेगळेच.

छपरातून किती उष्णता झिरपते याचे एक माप असते, त्याला यू-मूल्य म्हणतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, हे ते सांगते. नुसत्या पाच इंची स्लॅबचे यू-मूल्य साडेतीनच्या आसपास असते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली काढलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरासाठी कमाल मर्यादा १.२ दिली आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे, तुमच्यावर ती बंधनकारक नाही. पण आपले छप्पर कुठे आणि चांगले छप्पर कुठे, हे त्यावरून कळते. स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस, म्हणजे एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन या कडक फोमचा तक्ता अंथरला की यू-मूल्य ०.५ ते ०.६ वर येते, म्हणजे उष्णतेचा ओघ सहा-सात पटींनी घटतो.

काम या क्रमाने करून घ्या. स्लॅब टाकतानाच त्याला शंभरास एक असा उतार द्या, म्हणजे उतारासाठी कोब्याची गरजच राहत नाही. स्लॅबचे क्युरिंग पूर्ण झाल्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप द्या आणि तो कठड्याच्या आतल्या बाजूने फूटभर वर चढवा. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात आधी सिमेंटची गोलाई करून घ्या, कारण गळती सुरू होते ती तिथूनच. मग ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालून ओल येते का ते पाहा. ओल आली तर आत्ताच दुरुस्त करा, वर थर चढल्यावर गळतीची जागा सापडत नाही. त्यानंतर एक्सपीएसचे तक्ते एकमेकांना घट्ट भिडवून, विटांसारखे सांधे चुकवून मांडा. साधारण चार फूट बाय दोन फुटांचा तक्ता मिळतो. ५५० चौरस फुटांना ६९ लागतात, तुटफूट धरून ७२ घ्या. घनता घनमीटरला ३० किलोपेक्षा कमी नको. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड आणि वर चिकन मेश घालून दीड-दोन इंच काँक्रीटचा थर द्या. तो सलग टाकू नका. चार-पाच फुटांचे चौकोन पाडून मधल्या फटी सीलंटने भरा. सलग थर उन्हाने फुगतो, कडा उचलल्या जातात आणि पहिल्याच वर्षी भेगा पडतात. शेवटी पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा. हे सगळे मिळून वजन कोब्यापेक्षा कमीच भरते.

यात हमखास चुकते ते एकाच ठिकाणी : एक्सपीएस महाग म्हणून ठेकेदार साधा पांढरा थर्मोकोल आणतो. एक्सपीएस पाणी जवळजवळ घेत नाही, म्हणून तो वॉटरप्रूफिंगच्या वर चालतो. थर्मोकोल पाणी पितो आणि भिजला की उष्णताही अडवत नाही. स्लॅबच्या खालून थर्मोकोल चिकटवण्याचा प्रकार तर टाळाच. त्यावर प्लास्टर धरत नाही, मुंग्या पोखरतात आणि आग लागली तर विषारी धूर होतो.

एवढे बजेट नसेल तर निदान स्लॅब पांढरा ठेवा. दहा किलो भिजवलेला कळीचा चुना, अठरा-वीस लिटर पाणी आणि अर्धा किलो पांढरा सिंथेटिक डिंक असे मिश्रण करून फडक्यातून गाळून घ्या. ते ताकाइतके पातळ हवे. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच लावा आणि पातळ तीन हात द्या. एकच जाड हात पापुद्रे धरून निघतो. बऱ्याच गावांत चुना पक्का व्हावा म्हणून त्यात मीठ टाकतात. स्लॅबवर ते नको. मीठ भेगांतून सळईपर्यंत गेले की गंज धरतो. चुना पावसाने धुपतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा लावा. धूळ बसली की परिणाम निम्म्यावर येतो, तेव्हा एप्रिलमध्ये एकदा झाडू मारून घ्या.

भिंतींत बचत करायचीच असेल तर वीट उभी ठेवून मध्ये पोकळी सोडणारा रॅट-ट्रॅप बाँड करता येतो. नऊ इंची भिंतीला विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि मधली हवा थोडी उष्णताही अडवते. मात्र त्यासाठी विटा सारख्या मापाच्या आणि धारदार कडांच्या हव्यात. भट्टीच्या वेड्यावाकड्या विटांत हे बांधकाम जमत नाही आणि पोकळीत मसाला पडत राहिला तर पोकळीला अर्थ राहत नाही. जोत्याचा, खिडकीच्या उंबऱ्याखालचा आणि लिंटेलखालचा थर मात्र भरीव घ्या.

रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचे तोंड पश्चिमेला. ओळखीचे लोक दक्षिणेला खिडकी नको म्हणतात. मग वारा यायचा कुठून? आणि छज्जा किती काढायचा? — शेवगाव, जि. अहिल्यानगर

दक्षिणेच्या खिडकीला घाबरू नका. उन्हाच्या दृष्टीने दक्षिण ही सर्वांत सोपी दिशा आहे, त्रासाची आहे ती पश्चिम. तुमचे गाव १९ अक्षांशाच्या थोडे वर आहे. २२ डिसेंबरला दुपारी तुमच्याकडे सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या २२ च्या आसपास ७१ अंशांवर आणि मे महिन्यात थेट डोक्यावर. चार फूट उंच दक्षिण खिडकीला चौकटीला लागून दीड फूट छज्जा काढला की मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यावर ऊन पडत नाही. डिसेंबरात मात्र खालच्या सव्वादोन फुटांतून ऊब देणारे ऊन आत येते. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूट-फूटभर जास्त लांब ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळी बाजूने ऊन घुसते.

हाच हिशेब पश्चिमेला लावून बघा. एप्रिलअखेर दुपारी चारला सूर्य ३८ अंशांच्या आसपास असतो आणि पाचला २५ च्या खाली. चार फुटांची खिडकी चारच्या उन्हापासून झाकायची तर पाच फूट छज्जा लागेल, पाचच्या उन्हासाठी नऊ फूट. थोडक्यात, पश्चिमेला छज्जा वाढवून काही होत नाही. तिथे उभा आडोसा लागतो.

तोंड पश्चिमेला असले तरी राहत्या खोल्या तिथे असल्याच पाहिजेत असे नाही. पुढे सात-आठ फूट खोल पडवी घ्या आणि तिच्या पश्चिम कडेला बांबूच्या तट्ट्या किंवा वेलाची जाळी करा. न्हाणीघर, कोठी आणि जिना पश्चिमेच्या भिंतीला लावा आणि झोपायची खोली पूर्व-उत्तरेला न्या. पश्चिमेला एकच लहान खिडकी ठेवा आणि तिला बाहेरून लाकडी झडप लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते.

वाऱ्यासाठी समोरासमोर उघडणी हवी, तीही वेगवेगळ्या उंचीवर. एका बाजूला जमिनीपासून दोन फुटांवर खिडकी आणि दुसऱ्या बाजूला छताला लागून झरोका. बाहेर पडणारी जागा आत येणाऱ्या जागेइतकी किंवा थोडी मोठी असू द्या. आणि वापरायची शिस्त : तुमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊनंतर खिडक्या बंद, संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघड्या. दिवसभर ‘वारा येऊ दे’ म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या तर चाळीस अंशांची हवा भिंती तापवते आणि रात्री त्याच भिंती तुम्हाला तापवतात.

सावलीसाठी पश्चिमेला झाड लावणार असाल तर काळ्या मातीत ते घरापासून त्याच्या वाढलेल्या उंचीइतके लांब ठेवा. मुळे पायाखालची ओल ओढतात, माती आकसते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. कडुनिंब लांब, शेवगा जवळ, असे केले तरी चालते.

चिऱ्याचे घर बांधतो आहोत. मुंबईतला मुलगा म्हणतो, भिंती जाड आणि खिडक्या लहान ठेवा, घर थंड राहील. वर स्लॅब टाकून त्यावर दिसायला कौले चिकटवायची असा विचार आहे. — देवरुख, जि. रत्नागिरी

चिरंजीवांनी सांगितलेला उपाय बीड-सोलापूरच्या घराचा आहे, कोकणच्या नव्हे. देशावर मे महिन्यात दिवस आणि रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांपर्यंत फरक पडतो, म्हणून जाड भिंत रात्री गार होते आणि दिवसभर पुरते. तुमच्याकडे हा फरक त्याच्या निम्म्यापर्यंत आणि वर दमट हवा. भिंत गार व्हायला रात्रच मिळत नाही. अंगावरचा घाम वाळला तर गार वाटणार आणि घाम वाळायला वारा लागतो. तेव्हा चिऱ्याची एकेरी भिंत भरपूर झाली. खिडक्या मोठ्या आणि समोरासमोर ठेवा, त्यांवर अडीच-तीन फुटांची पागोळी ओढून घ्या. पावसाळ्यात झडीतही खिडकी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर आत बुरशी धरते. एका ओळीत दोन खोल्यांपेक्षा जास्त खोल घर करू नका. मधल्या खोलीला वारा लागत नाही.

स्लॅबवर मसाल्यात कौले चिकटवणे म्हणजे कौलाचा रंग घेतला आणि गुण टाकला. कौलारू छप्पर गार असते ते कौलाखालून हवा फिरते आणि सांध्यांतून गरम हवा बाहेर जाते म्हणून. मसाल्यात बसवलेले कौल स्लॅबला थेट उष्णता देते आणि फुटले तर बदलताही येत नाही. स्लॅब हवाच असेल तर उताराचा टाका, त्यावर रिपा मारून कौले सुटी बसवा, खालून पागोळीपाशी आणि वर आढ्यापाशी हवा जायला फट ठेवा. फटीला जाळी लावा, नाहीतर वटवाघळे आणि उंदीर मुक्कामाला येतात.

आमच्या मते मात्र स्लॅबशिवायचे कौलारू छप्परच घ्या. मंगलोरी कौले चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. उतार ३० अंशांपेक्षा कमी नको, नाहीतर वाऱ्याच्या पावसात पाणी सांध्यातून उलटे चढते. लाकूड परवडत नसेल तर वासे-रिपांना लोखंडी चौकोनी पाइप चालतात. वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला घासून दोन हात प्रायमर द्या, खाऱ्या दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो. रिपांतले अंतर कागदावर ठरवू नका, आलेल्या मालातली आठ-दहा कौले मांडून मोजा आणि मग मारा. कारखान्यागणिक माप थोडे बदलते. खालून सपाट सिलिंगची कौले आणि वर मंगलोरी असे दोन थर केले तर मधल्या पोकळीमुळे उष्णता बरीच कमी होते. माकडांनी कौले फोडली तरी सिलिंगच्या थरामुळे पाणी एकदम अंगावर येत नाही. वीसपंचवीस कौले जादा घेऊन ठेवा. काही वर्षांनी त्याच मापाची मिळत नाहीत.

आमचे सात खणांचे जुने माळवद आहे. दगड-मातीच्या भिंती, पांढऱ्या मातीचे छप्पर. उन्हाळ्यात यासारखे गार घर नाही. पण वडील म्हणतात, भूकंपानंतर अशा घरात राहायची हिंमत होत नाही. पाडावे की ठेवावे? — औसा, जि. लातूर

वडिलांचे म्हणणे खरे आहे आणि तुमचेही. फूटभर मातीतून उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे दुपारची उष्णता मध्यरात्रीनंतर आणि तीही फार मंद होऊन येते. वरच्या सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, तोवर गरम हवा निघून गेलेली असते. पण फूटभर माळवदाचे वजन चौरस फुटाला ४५ ते ५० किलो असते. पाच इंची स्लॅबचे ३० किलोच्या आत. दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकत गेल्यामुळे अनेक घरांत ही जाडी दीड-दोन फुटांवर गेली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः भिंतींमुळे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत दिसायला भक्कम, पण ती असते दोन पदरांची : बाहेर एक दगडी पदर, आत एक आणि मध्ये भरताड. दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने ते फाकतात आणि भिंत कोसळते. लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर छप्पर तोललेले होते अशा अनेक घरांत भिंती पडल्या, पण सांगाडा उभा राहिला. तुमचे माळवद खांबांवर आहे की थेट भिंतींवर, हे म्हणून आधी पाहा. थेट भिंतींवर असेल आणि भिंतीला पोट आले असेल तर त्या खोल्यांत झोपणे आजच बंद करा.

सांगाडा धड असेल, खांबांचे बुड कुजलेले नसेल आणि वाळवी नसेल, तर घर ठेवता येते. छपरावरची जादा माती काढून जाडी सहा-आठ इंचांवर आणा. पाट्या एका कोपऱ्यातून उतरवू नका, सगळीकडून थोडीथोडी काढा. मध्ये जाड प्लास्टिकचा कागद घालून पुन्हा माती चोपा, म्हणजे दरवर्षी नवी माती टाकायची गरज उरत नाही. भिंतीत साधारण मीटर-मीटर अंतरावर, वरखाली चुकवून, आरपार भोके करा. त्यांत आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरतात. भोक पाडताना पहारीने ठोकू नका, दगड हाताने हलवून काढा. छपराच्या खाली भिंतीभोवती आतून-बाहेरून वेल्डमेशची पट्टी एकास तीनच्या सिमेंट-वाळूत बसवा, कोपऱ्यांवर ती तोडायची नाही. खांब आणि तुळई मिळतात तिथे तिरपे टेके द्या. किल्लारीनंतर या भागात दुरुस्तीची हीच पद्धत सांगितली गेली. मात्र हे काम बांधकाम अभियंत्याला घर दाखवून, त्याच्या आराखड्यानेच करायचे. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचे नाही.

जाडी कमी झाल्याने घर पूर्वीइतके गार राहणार नाही. वर चुना मारा आणि सवणे बुजवू नका.

शेतातल्या मातीच्या, न भाजलेल्या सिमेंट-मातीच्या विटा करून घर बांधायचे आहे. जमीन काळी आहे. — देवळी, जि. वर्धा

काळ्या मातीच्या विटा करू नका. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते, आणि दाबयंत्रातून काढलेली वीट दोन दिवसांत चिरते. जवळच्या मुरमाड माळावरची माती बघा. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. वाळू-खडा मिनिटभरात तळाशी बसतो, गाळ अर्ध्या तासात आणि चिकणमाती सर्वांत शेवटी. वाळू-खड्याचा थर साठ टक्क्यांच्या वर आणि चिकणमाती दहा ते वीस टक्के असेल तर माती कामाची. चिकण जास्त निघाली तर वाळू किंवा दगडाची चुरी मिसळा.

सिमेंट सात ते आठ टक्के. नऊ इंच बाय साडेसात इंच बाय चार इंचांची वीट आठ किलोच्या थोडी वर भरते, म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीत ऐंशी-पंच्याऐंशी विटा होतात. साडेपाचशे फुटांच्या घराला चार ते साडेचार हजार विटा धरा. ओलाव्याची परीक्षा अशी : मुठीत गोळा करून खांद्याच्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर पाणी कमी, तसाच चपटला तर जास्त. सिमेंट मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तो घाणा संपवा. उरलेला घाणा पाणी मारून पुन्हा वापरतात, त्या विटांचे कोपरे हाताने गळतात. विटा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली २८ दिवस ठेवा. इथेच सगळे घाई करतात.

पायासाठी काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदा. सहा फुटांच्या खालीही मुरूम लागत नसेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी रूढ केलेले, बुडाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) स्वस्त पडतात का ते अभियंत्याला विचारा. जोते दोन फूट उंच, दगडाचे किंवा भाजलेल्या विटेचे हवे. घराभोवती तीन फुटांची बाहेर उतार असलेली फरसबंदी करा आणि न्हाणीचे पाणी तिच्यापलीकडे सोडा.

घर बांधून झाले की तीन किलोवॅट सोलर बसवा, ७८ हजार सबसिडी मिळते, असे एजंट सांगतो. वीज रोज तीन-चार तास जाते, तोही प्रश्न सुटेल ना? — सांगोला, जि. सोलापूर

नाही सुटणार, आणि हे एजंटाने सांगायला हवे होते. सबसिडीतले नेहमीचे ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेले सोलर ती लाइन गेली की स्वतःहून बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला मागून झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. भर उन्हात पॅनेल चमकत असतात आणि घरात पंखा बंद. वीज गेल्यावरही घर चालवायचे तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर किंवा वेगळा साधा इन्व्हर्टर लागतो.

आधी गरज मोजा. ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बारा तास म्हणजे ०.७ युनिट, नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास ०.३, एकदारी फ्रिज ०.५ ते ०.६, टीव्ही ०.२. एकूण दिवसाला दोन युनिटच्या आत, महिन्याला साठच्या आसपास. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे तुमच्या गरजेच्या दुप्पट. तीन किलोवॅट कशासाठी घ्यायचे? २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार असे अनुदान आहे. सबसिडीचा आकडा पाहून आकार ठरवू नका, वर्षभराची बिले पाहून ठरवा. पॅनेल देशी सेलचेच हवेत आणि विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा, नाहीतर अनुदान अडकते.

साध्या बॅटरीचा हिशेबही पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी टिकवायची तर तिच्यातून एका वेळी एक युनिटभर वीज काढावी. दोन बीएलडीसी पंखे आणि चार दिवे, इन्व्हर्टरची गळती धरून सव्वाशे वॅट, म्हणजे आठ तास. तेच पंखे जुने ७५ वॅटचे असतील तर चार तासांत अंधार. म्हणून पहिला खर्च पंख्यांवर करा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे आहे, दुकानात डब्यावर वॅट वाचून घ्या.

५४० वॅटच्या दोन पॅनेलना साधारण ५५ चौरस फूट जागा आणि प्रत्येकी २७-२८ किलो वजन. तोंड दक्षिणेला, कल १८-२० अंश. स्लॅब ओतायच्या आधीच पायांच्या बोल्टची जागा ठरवा. नंतर भोके पाडली की वॉटरप्रूफिंग संपले. सांगोल्याच्या धुळीत पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी पॅनेल गार असताना पाण्याने पुसा.

घरकुल योजनेचे २६९ चौरस फुटांचे घर, वर पत्रा. स्लॅबचे पैसे नाहीत. — अक्कलकुवा, जि. नंदुरबार

पत्रा वरून पांढरा रंगवा आणि खालून सहा-आठ इंच अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे सिलिंग करा. मधली पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवा, ती बंद केली तर तट्ट्याही तापतात. पत्र्याची खालची कड साडेनऊ फुटांपेक्षा खाली नको. चूल सिलिंगखाली नको, पडवीत घ्या.

कूलर लावूनही खोलीत चिकचिक होते. — वसमत, जि. हिंगोली

दारे-खिडक्या बंद करून लावत असाल. कूलर बाहेरची कोरडी हवा आत घेतो, तेव्हा तेवढीच ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. कूलरही खिडकीबाहेर, सावलीत ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की तो काढून ठेवा, तेव्हा त्याचा उपयोग नसतो.

तीन गायी आहेत. गॅस सिलिंडरऐवजी गोबरगॅस भागेल का? — कागल, जि. कोल्हापूर

पूर्ण भागणार नाही. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागते. बांधून ठेवलेल्या तीन गायींचे ३० ते ३५ किलो मिळते. चार-पाच माणसांच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचा, म्हणजे ५० किलो शेणाचा संयंत्र लागतो. एक घनमीटरचाच बांधा, सकाळचा स्वयंपाक त्यावर करा. मोठा बांधून अर्धा उपाशी ठेवला तर गॅसचा दाब राहत नाही. शेणात तेवढेच पाणी घाला. गोठा, संयंत्र आणि स्वयंपाकघर एका रेषेत जवळजवळ ठेवा. गॅसच्या पाइपला संयंत्राकडे उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा. शेगडीची ज्योत फडफडू लागली की बहुतेक वेळा पाइपात पाणी साठलेले असते.